हळदीकुंकवाचं पास्ता सॅलड

शुक्रवार, रात्र

उद्या संध्याकाळी पंचवीस बायका. तिळगूळ, वाण आणि खायला द्रोणातून थंड पास्ता सॅलड: गोडही, खारंही. इंदुरात ही चव कुणाला समजावून सांगावी लागत नाही. सकाळच्या पोह्यांत साखर, वर शेव, डाळिंबाचे दाणे आणि जीरावन (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) खाणाऱ्या गावाला अननस आणि मिरी एकत्र आली म्हणून धक्का बसत नाही.

या पदार्थाचं खरं दुखणं म्हणजे पाणी. फळांचं, दह्याचं, पास्त्यातलं. बेत सगळा त्या हिशोबानं.

चक्का आत्ताच टांगायचा. सायीच्या दुधाचं सव्वा किलो घट्ट दही पंचात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये, खाली पातेलं. सकाळी साधारण अर्धा किलो चक्का निघतो. बाहेर ओट्यावर टांगलं तर जानेवारीतही पहाटेपर्यंत आंबट चढतो आणि मग तो झाकायला गोड वाढवत बसावं लागतं. बाजारचा चक्का आणायचा तर श्रीखंडाचा नको, साखर न घातलेला मागून घ्या.

अननसही आजच. मध्यम आकाराचा एक, सोलून, डोळे आणि मधला दांडा काढून बोराएवढे तुकडे. कच्चा अननस दह्यात घातला की तास-दोन तासांत सॅलड कडू होतं. त्यातलं ब्रोमेलिन दुधातली प्रथिनं तोडतं, म्हणून. उष्णतेनं ते निकामी होतं. पसरट कढईत दोन चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घालून मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं, सुटलेला रस आटेपर्यंत परतायचा. तुकडा आतपर्यंत गरम झाला पाहिजे, नुसता वरून चमकून उपयोग नाही. डब्यातला अननस चालतो, तो आधीच तापवलेला असतो, पण चाळणीवर अर्धा तास निथळू द्यावा. किवी आणि कच्ची पपई यांचीही हीच खोड, म्हणून ती दोन्ही यात नाहीतच.

शनिवार, सकाळ

पास्ता साडेसातशे ग्रॅम, फिरकीचा. पेनेच्या नळीत चक्का भरून बसतो आणि बाहेरून कोरडं राहतं. फिरकीच्या खाचांत तो नेमका अडकतो. पाकीट उलटून बघा: ‘ड्युरम गव्हाचा रवा’ असं असेल तरच घ्या. मैद्याचा पास्ता थंड झाला की एकमेकांना चिकटतो आणि ढवळताना तुटतो. ड्युरम म्हणजे काही परदेशी नवल नव्हे. बाफल्यांना, म्हणजे उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांना, लागणारा मालवी कठिया गहू तोच, आणि इथल्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या प्रादेशिक केंद्रानं एचआय 8663, म्हणजे ‘पोषण’सारखे वाण त्यातच काढले आहेत.

सात लिटर पाणी, चार मोठे चमचे मीठ. पातेलं लहान असेल तर दोन घाण्यांत. पाणी खळखळून उकळल्यावरच पास्ता टाकायचा आणि पहिली दोन मिनिटं सोडून जायचं नाही, चिकटतो तो तेव्हाच. उकळत्या पाण्यात तेल घालण्याची पद्धत व्यर्थ आहे. तेल वर तरंगतं आणि पाण्याबरोबर मोरीत जातं.

गरम खायचा पास्ता किंचित कच्चट ठेवतात. सॅलडला तसं करू नका. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट जास्त शिजवा, कारण थंड होताना त्यातला स्टार्च पुन्हा आखडतो आणि फ्रिजमधून निघालेला पास्ता चिवट लागतो. दोन मिनिटं जास्त झाली तर मात्र फिरक्या उलगडतात. चाळणीत ओतून लगेच गार पाण्याखाली धरा, पूर्ण निथळवा, परातीत पसरा आणि मग दोन चमचे तेल चोळा. सॅलडपुरतं धुणं माफ आहे. वरचा चिकट स्टार्च इथे नकोच असतो.

आता सारण. साठ ग्रॅम पांढरे तीळ मंद आचेवर परतायचे. तडतडून रंग जेमतेम बदलला की ताबडतोब ताटात, कढईत ठेवले तर तिच्याच उष्णतेनं करपून कडू होतात. गार झाल्यावर दोन चमचे तेलाबरोबर मिक्सरमध्ये सरसरीत वाटा. त्यात चक्का, दीडशे ग्रॅम बिनअंड्याचं मेयोनीज, चार मोठे चमचे काकवी, एक चमचा फेसलेली मोहरी, दीड चमचा भरड मिरी, दोन चमचे मीठ आणि एका लिंबाचा रस. हातानंच फेटा. मिक्सरमध्ये चक्का पातळ होतो.

काकवी का? पिठीसाखर नुसतं गोड करते. काकवीचा खमंगपणा तिळाशी जुळतो, आणि संक्रांतीची चव आपोआप येते. रंग थोडा मळकट होतो, त्याला इलाज नाही.

शनिवार, दुपार

अर्धं सारण पास्त्याला आत्ता, अर्धं वाढण्याआधी. हे चुकवू नये. पास्ता दोन-तीन तासांत सारण पितो. सगळं एकदम घातलं तर संध्याकाळी कोरडा गोळा हाती येतो आणि मग लोक दूध ओततात. दुसऱ्या हप्त्यानं तो पुन्हा मोकळा होतो.

उकडलेले मटार पाव किलो आणि तीन रंगांच्या सिमला मिरच्या, बारीक चौकोनी, आत्ता घालायला हरकत नाही. काकडी नाही. बिया काढून पिळली तरी ती पाणी सोडतेच. तीन हिरव्या मिरच्या बिया काढून बारीक, नाहीतर गोडाची मजा राहत नाही. झाकून फ्रिजमध्ये.

चव फ्रिजमधून काढल्यावर बघायची. थंडपणात गोडवा दबतो, म्हणून कोमट असताना बेताचं वाटलेलं गोड नंतर फिकं लागतं.

शनिवार, पाच वाजता

उरलेलं सारण, अननस, चारशे ग्रॅम बिनबियांची द्राक्षं आणि दोन डाळिंबांचे दाणे. द्राक्षं लहान असतील तर अख्खीच. कापलेल्या फोडीला मीठ लागलं की तिचा रस सुटू लागतो. मोठ्या लाकडी चमच्यानं खालून वर, दहा-बारा वेळा, जास्त नाही. फार गोड झालं तर मीठ वाढवू नका, लिंबू आणि अर्धा चमचा मोहरी घाला. पातळ झालं तर तिळाचं कोरडं कूट पाणी ओढून घेतं.

द्रोणात वाढल्यावरच वर जाडसर लौंग (लवंगेची) शेव, प्रत्येकी मोठा चमचा, आणि जीरावनाची चिमूट. जीरावनात काळं मीठ असतं, म्हणून सारणात मीठ बेतानंच. बारीक शेव दोन मिनिटांत मऊ पडते. शेव आधी मिसळून ठेवली तर उरलेलं सगळं टाकावं लागतं. शेवेविना उरलं तर रविवारी दुपारपर्यंत फ्रिजमध्ये नीट राहतं. बाहेर दोन तासांच्या वर मात्र ठेवू नये, आणि गरम तर मुळीच करू नये, चक्का फाटतो.