बाराबंदी शिवून घ्यायला सोलापुरात

डिसेंबर संपत आला की सोलापुरातल्या जुन्या पेठांतले टेलर साध्या कामाला उभं करत नाहीत. पँट आखूड करायची असो की ब्लाउजला अस्तर लावायचं असो, "गड्डा झाल्यावर या की ओ," हे उत्तर ठरलेलं. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, तिलाच इथे गड्डा म्हणतात, आणि यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्यांबरोबर चालणाऱ्याच्या अंगात पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, हवीच. माझ्या भाच्याला यंदा पहिल्यांदा नंदीध्वजाला हात लावायचा होता. त्याचं माप द्यायचं निमित्त करून मी पुण्याहून आले. निमित्तच म्हणायचं, कारण माझं पोट मापाच्या कपड्यांवर चालतं आणि बाराबंदी बेतताना मला जवळून पाहायची होती.

हे शहर एरवी तयार कपड्यांचं. चादर आणि टॉवेल सगळ्यांना माहीत आहेत, दोन्हींना भौगोलिक मानांकनही आहे. पण देशभरातल्या कितीतरी शाळांचे गणवेश इथे शिवले जातात, हे बाहेर फारसं ठाऊक नसतं. तिथला हिशेब नंबरांचा. बावीस, चोवीस, सव्वीस, आणि पोराने त्यात बसायचं. त्याच शहरात वर्षातून एकदा माणसं टेलरपुढे ताठ उभी राहून माप देतात. मला ओढ त्याचीच होती.

मास्तरांचं दुकान एका माणसाला जेमतेम वळता येईल एवढं. कापड पाण्यातून काढून वाळवलेलं, कारण सुती कापड आटतं आणि शिवल्यावर आटलं की बगलेत धरतं. छाती, खांदा, बाही अशी मापं वहीत गेली. मग ते भाच्याला म्हणाले, "दोन्ही हात वर कर बाळा. अजून वर. काठी धरल्यासारखा." त्या अवस्थेत त्यांनी मुंढ्यापासून कमरेपर्यंत पुन्हा टेप धरली. नंदीध्वज म्हणजे एकावर एक उभ्या केलेल्या काही माणसांएवढी उंच काठी, ती उभी तोलत गर्दीतून चालायचं. खाली सोडलेल्या हातांचं माप तिथे काय कामाचं? मी त्यांना विचारलं, बगलेत जास्तीचं कापड किती सोडता? "ताई, माणूस बघून," एवढंच म्हणाले, आणि मला ते पुरलं.

एकेका गिऱ्हाइकाच्या मापाने बेतलेल्या उंची पोशाखांना पॅरिसमध्ये ओत कुत्यूर म्हणतात, त्याचा गाभाही नेमका हाच आहे. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने १८५८ साली तिथे दुकान थाटलं. तोवर बाई सांगेल ते शिंपी शिवायचा. वर्थ स्वतःची कल्पना आधी मांडायचा, मग ती त्या बाईच्या अंगावर बेतायचा. ‘ओत कुत्यूर’ या नावाला १९४५पासून फ्रान्समध्ये कायद्याचं संरक्षण आहे. वाटेल त्याला ते लावता येत नाही. पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा हवी, किमान पंधरा पूर्णवेळ माणसं हवीत, कपडा गिऱ्हाइकाच्या मापाने आणि अंगावर घालून बघून झालेला हवा, जानेवारी आणि जुलैत नवा संग्रह दाखवायला हवा. खरं कापड कापण्याआधी साध्या सुती कापडाचा कच्चा झगा करतात, त्याला त्वाल म्हणतात. तो अंगावर चढवून, टाचण्या लावून, खडूने खुणा करून मगच रेशमाला कात्री लागते. मला या सगळ्या झगमगाटात सर्वांत मोलाचा वाटतो तो हा कच्चा झगा. तो कुणी पाहत नाही, पण कपडा खरा तिथेच ठरतो.

त्या कपड्यांवरचं भरतकाम मात्र पुष्कळदा आपल्याकडचं असतं. मार्च २०२३मध्ये दिओर या पॅरिसच्या फॅशन घराण्याने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, तो इथल्या कारागिरांशी जुनं नातं होतं म्हणूनच. डिझायनर राहुल मिश्रा जानेवारी २०२०मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर शोंच्या अधिकृत वेळापत्रकात आले, पहिले भारतीय. मला त्याचा फार आनंद झाला होता. पण झग्याच्या आतल्या पट्टीवर जरदोजीवाल्याचं नाव अजून येत नाही, आणि ते यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दुपारी एका चादरीच्या कारखान्यात डोकावले. मागावर जकार्ड चढवलेलं, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ खडखडत फिरत होती; एक भोक म्हणजे विणीच्या त्या ओळीला कुठला धागा वर उचलायचा त्याचा हुकूम. हे यंत्र जोसेफ मारी जकार्डने १८०४च्या सुमारास फ्रान्समधल्या ल्योंच्या रेशीम विणकरांसाठी केलं. पॅरिसच्या झग्यांना रेशीम पुरवणारं गाव ते. तिथली युक्ती सोलापुरात सुती चादरीवर फुलं उमटवते आहे, हे पाहत मी बराच वेळ उभी राहिले. विणकर घरात तेलुगू, मालकाशी मराठी आणि शेजाऱ्याशी कन्नड बोलत होता.

संध्याकाळी बाराबंदी अंगावर घालून पाहिली. पुढच्या कापडाची एक पाळ आत, एक वर. आतले बंद आधी, मग बाहेरचे, मिळून बारा. बटण एकही नाही. हा कपडा माणूस जाड-बारीक झाला तरी बंदांनी जुळवून घेतो, त्यामुळे तो वर्षानुवर्षं टिकतो. मास्तरांनी पुन्हा हात वर करायला लावले, डाव्या बगलेची शिवण उसवली आणि बोटभर कापड सोडलं.

यात्रेतला मुख्य सोहळा अक्षतांचा. सिद्धरामांशी, म्हणजे सिद्धेश्वरांशीच, लग्न करायचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, ते दरवर्षी संमती कट्ट्यावर पुन्हा लागतं. म्हणजे या सगळ्या बाराबंद्या लग्नाच्याच. पॅरिसच्या शोचा शेवटही परंपरेने नवरीच्या पोशाखाने होतो, आणि वर्षातला एक शो जानेवारीतच असतो.

तुम्हाला शिवून घ्यायची असेल तर डिसेंबरच्या मध्यालाच या. कापड स्वतः घ्या, पांढरं, सुती, जरा जाड, आणि आधी पाण्यातून काढा. माप देताना हात वर करून दाखवा. मास्तरांनी सांगितलं नाही तरी.