एकशे सत्तावीस

गाईड म्हणून पहिली सही केली तेव्हा वाटलं होतं, काम पोरांचं, आपण अधूनमधून विचारपूस करायची. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, एसटीएस (शॉर्ट टर्म स्टुडंटशिप) योजना 1979 पासूनची. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने दोन महिन्यांत एक छोटं संशोधन करायचं, एका गाईडकडे एकच विद्यार्थी. माझ्या वाट्याला सेकंड इयरची एक मुलगी आली. विषय साधा: बीपीचे रुग्ण गोळ्या नेमाने घेतात का, आणि घेणाऱ्यांचं बीपी खरंच आटोक्यात असतं का.

सॅम्पल साइजचं, म्हणजे किती रुग्ण घ्यायचे याचं सूत्र, चार पीक्यू भागिले एल वर्ग. पी म्हणजे नेमाने गोळ्या घेणाऱ्यांचा अंदाजे टक्का, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा, एल म्हणजे चालवून घ्यायची चूक. पी 50 टक्के, एल 10 टक्के धरला की 100 रुग्ण येतात. "सर, बरोब्बर शंभर?" तिने संशयाने विचारलं. एल 5 टक्के धरला असता तर 400 झाले असते, आणि दोन महिन्यांत 400 रुग्ण कोण गाठणार! तेव्हा आकडा थोडा सोयीचा होता, हे कबूल.

एथिक्स कमिटीने मराठी संमतीपत्र परत पाठवलं. 'मी स्वेच्छेने उपरोक्त अभ्यासात सहभागी होत आहे' हे वाक्य आम्ही वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "म्हंजे सही नाही केली तर गोळ्या बंद?" मग लिहिलं, 'नाही म्हणालात तरी तुमची औषधं चालूच राहतील.' पुढच्या बैठकीत मंजुरी आली.

साठ रुग्ण झाल्यावर तिने मास्टर चार्ट मेल केला. एक्सेलचा रकाना खाली सरकवत होतो. 138, 142, 126, आणि मग 127. थोडं खाली 133, 141. प्रोटोकॉलमध्ये पाऱ्याचं यंत्र लिहिलं होतं. त्यावर खुणा दोन-दोनच्या, रीडिंग सम आकड्यातच यायला हवं. पोटात गोळा आला. हॉस्टेलवर बसून भरलेले आकडे तर नाहीत?

दुसऱ्या दिवशी बोलावलं. "हे कशावर मोजलंस गं?"

"सर, पाऱ्याचं यंत्र सकाळी रेसिडेंट डॉक्टर घेऊन जायचे. मग घरचं डिजिटल आणलं." आणि फॉर्मचा गठ्ठाच पुढे ठेवला. बावीस फॉर्मांच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक 'डि' लिहिलेलं. तिने काहीच लपवलं नव्हतं. मीच एकही फॉर्म उघडून पाहिला नव्हता, दर शुक्रवारी प्रगतीच्या कागदावर सही मात्र ठोकत होतो.

रुग्णांना परत बोलावून मोजावं, असं तिचं म्हणणं. पण प्रश्नावली एका दिवशीची आणि बीपी महिन्यानंतरचं, मग दोन्हींची सांगड कशी घालायची? कमिटीला रीतसर पत्र दिलं, त्या बावीस जणांची गोळ्यांची उत्तरं ठेवली, बीपी विश्लेषणातून वगळलं. उरलेल्या चाळीस जणांसाठी माझ्या केबिनमधलं पाऱ्याचं यंत्र तिला दिलं.

अहवालात 'मर्यादा' या मथळ्याखाली हे सगळं तिने स्वतःच लिहिलं, अगदी 22 या आकड्यासकट. मी एक वेलांटी दुरुस्त केली.