‘नाही’ म्हणायची मुभा : भावाला किडनी देताना

धाकट्या भावाला मी माझी किडनी दिली. लोक विचारतात ते ऑपरेशनबद्दल. दुखलं का, टाके किती पडले, आता वजन उचलता येतं का. ऑपरेशनच्या आधी जो परवानगीचा काळ असतो त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. खरं तर माझा कस त्या काळातच लागला, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

भाऊ तेव्हा ३९ वर्षांचा होता. पाय सुजतात म्हणून दाखवायला गेला आणि रक्तातलं क्रिएटिनिन ९ च्या पुढे निघालं. किडनी थकली की हा आकडा चढतो, निरोगी माणसात तो एकच्या आसपास असतो. रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला असणार, पण तो कधी मोजलाच नव्हता. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस सुरू झालं. ते महात्मा फुले योजनेत बसलं, त्यामुळे पैशाची चिंता बरीच कमी झाली. तहानेवर मात्र इलाज नव्हता. पाणी मोजूनच प्यायचं होतं, म्हणून दिवसभराचं पाणी तो सकाळीच एका लिटरच्या बाटलीत भरून ठेवायचा. सांगलीचा एप्रिल, दुपारी दोनलाच बाटली रिकामी. मग बर्फाचा खडा तोंडात धरून पंख्याखाली पडून राहायचा.

मृत दात्याची किडनी मिळावी म्हणून मिळालेल्या अवयवांचं वाटप पाहणाऱ्या पुण्याच्या झेडटीसीसी या केंद्राकडे नाव नोंदवलं, पण यादी लांब होती. घरच्यांपैकी आईला मधुमेह, म्हणजे ती पहिल्याच दिवशी बाद. भावजयीचा रक्तगट बी पॉझिटिव्ह, भावाचा ओ, म्हणजे तिची जुळत नव्हती. माझा ओ.

घरात मला ‘दे’ असं कुणी म्हणालं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण दबाव म्हटलं की कुणीतरी मागे लागलं असेल असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडे रक्तगटाचा कागद आला त्या दिवसापासून आई माझ्याशी जपून बोलायला लागली. भावजय मला एक काम करू देईना, आणि नजरही मिळवेना. मावशी तेवढी बोलून गेली, “यंदाची खरी भाऊबीज. ओवाळणी तू घालणार बघ.” मावशीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण असं एक वाक्य चारचौघांत बोललं गेलं की माघारी फिरायची वाट बंद होते.

मला द्यायची होती, हेही तितकंच खरं. पण ‘मला द्यायची आहे’ आणि ‘मला नाही म्हणता येणार नाही’ हे दोन्ही आत असे गुंतले होते की माझे मलाच सोडवता येत नव्हते. मी पतसंस्थेत कामाला आहे. कर्जाच्या कागदांवर जामीनदारांच्या सह्या घेणं हे माझं रोजचं काम. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहायला आलेला माणूस सही करतो, ती स्पष्ट असते, कायद्याने पक्की असते. फक्त सही करताना तो मान वर करत नाही. माझी सही तशी व्हायला नको होती.

तपासण्यांबद्दल फार लिहीत नाही. रक्त, २४ तासांची लघवी, दोन्ही किडन्या किती काम करतात ते बघणारा डीटीपीए स्कॅन, रक्तवाहिन्यांचं सीटी, हृदय, स्त्रीरोग, मानसोपचार. मग एचएलए, म्हणजे दोघांच्या पेशींची जुळणी बघणारी रक्ततपासणी. सख्ख्या भावंडांत ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धं जुळण्याची चारात दोन आणि अजिबात न जुळण्याची चारात एक. आमचं अर्धं जुळलं. डाव्या किडनीची शीर लांब असते, जोडायला सोपी पडते, म्हणून बहुतेक वेळा डावी घेतात. माझीही डावीच ठरली.

किडनीच्या डॉक्टरांनी मला आकडे न लपवता सांगितले, याचं मला मोल वाटतं. राहिलेली किडनी काम वाढवते आणि काही महिन्यांत दोन्हींच्या मिळून साधारण ७० टक्क्यांवर येते. ऑपरेशनमुळे मृत्यू येण्याचा धोका १० हजारांत ३ च्या आसपास. २०१४ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की १० हजार दात्यांपैकी ९० जणांची किडनी आयुष्यात कधीतरी निकामी होईल. त्यांच्याइतक्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्या १० हजारांत हा आकडा १४ होता. म्हणजे धोका कमी आहे, पण आहे. “काही होत नाही हो” असं सांगणारे घरी, दारी भरपूर होते. हे आकडे डॉक्टरांनी दिले नसते, तर मी कशाला हो म्हणतेय तेच मला कळलं नसतं.

मग कागद. मी याची बहीण आहे हे सिद्ध करायचं होतं. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. दोन्ही नावांची बाई एकच, हे सांगणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, आणि आमच्या लग्नाची नोंदणी कुणी केलीच नव्हती. लग्नपत्रिका होती, फोटो होते. ग्रामपंचायतीत नोंदणी करून घेतली, तर दाखल्यावर माझ्या वडिलांचं नाव ‘पांडूरंग’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘पांडुरंग’. त्या एका उकारासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. जुन्या शिधापत्रिकेवर आम्हा दोघांची नावं एकाखाली एक होती, तिचा फार उपयोग झाला.

चिडचिड होत होती, पण हे कशासाठी आहे तेही मला माहीत होतं. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ सालचा. त्याआधी आपल्या देशात किडनीची उघड खरेदी-विक्री चालायची. कायदा आल्यावर तोच बाजार नात्याच्या आडून सुरू झाला. २०१६ साली मुंबईत आणि २०२२ साली पुण्यात, परक्या बाईला रुग्णाची बायको म्हणून उभं केल्याची प्रकरणं पोलिसांत गेली. गरजेपोटी अशी खोटी बायको व्हायला तयार झालेल्या बाईचा विचार केला की उकारावर अडणाऱ्या कारकुनाचा राग मला धरवत नाही.

एका कागदाचा मात्र राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. रुग्णालयाने माझ्या नवऱ्याची ‘ना हरकत’ मागितली. हे स्वतः समन्वयकाला म्हणाले, “हरकत घेणारा मी कोण? शरीर तिचं आहे.” त्यावर उत्तर आलं, “पद्धत आहे साहेब, पुढे भांडणं होतात.” यांनी सही केली, कारण एका कागदावरून भावाचं ऑपरेशन लांबवायचं नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा समजलं, की वडिलांना किडनी देऊ इच्छिणाऱ्या एका विवाहितेच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ सालीच सांगितलं आहे : पतीची संमती लागते असं कायदा म्हणत नाही. नवऱ्याला विश्वासात घेणं वेगळं. ऑपरेशननंतर मला उठवणार, बसवणार तेच होते, त्यांना सगळं समजावून सांगायलाच हवं होतं. पण माझ्या शरीराच्या निर्णयावर त्यांची सही लागावी हे मला पटलेलं नाही.

याच कायद्याच्या २०१४ च्या नियमांत बाईच्या बाजूची एक तरतूद आहे. दाता स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्यावी, तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. गरज का पडली ते आकड्यांवरून दिसतं. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात जिवंत दात्यांनी केलेली ५६,५०९ अवयवदानं झाली. त्यांतल्या ३६,०३८ दाता स्त्रिया होत्या. घेणाऱ्यांत मात्र पुरुष कितीतरी जास्त. तपासण्यांच्या रांगेतही मला हेच दिसलं. फायली धरून बसलेल्या आया आणि बायका. बायकोसाठी फाईल धरून बसलेला नवरा मला तिथे एकच भेटला, आणि सगळ्याजणी त्याचं कौतुक करत होत्या.

ती स्वतंत्र संमती माझ्या बाबतीत एका समाजसेविकेने घेतली. तिने आधी भावजयीला आणि यांना बाहेर पाठवलं, दार लावलं आणि विचारलं, “घरातली कुठली कामं तुम्ही करता? ऑपरेशननंतर ती कोण करेल?” मग, “भावाकडून किंवा माहेरकडून काही मिळणार आहे का? जमीन, दागिना, काहीही?” मग, “किडनी बसवली आणि चाललीच नाही, तर?” या शेवटच्या प्रश्नाचा मी विचारच केलेला नव्हता. मी गप्प राहिले आणि तिनेही घाई केली नाही.

मग ती म्हणाली, “ताई, तुम्हाला नको असेल तर मला फक्त तेवढं सांगा. ऑपरेशन थिएटरच्या दारातसुद्धा सांगू शकता. आम्ही घरच्यांना एवढंच कळवू, की तुम्ही दाता म्हणून योग्य नाही. कारण कुणी विचारलं तरी देणार नाही.”

मला एकदम रडू आलं. त्या सगळ्या महिन्यांत मला ‘नाही’ म्हणायची सोय करून देणारी ती पहिलीच व्यक्ती होती.

परतीच्या बसमध्ये हेच डोक्यात. डॉक्टर आईला सांगताहेत, तुमची मुलगी दाता म्हणून चालणार नाही, असं चित्र मी कितीदा रंगवून पाहिलं. पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, ते लपवत नाही. सातारा गेलं, कऱ्हाड आलं, तोपर्यंत ते सुटलेपण ओसरलं होतं. वाट मोकळी होती आणि तरी मला त्या वाटेने जायचं नव्हतं. माझा होकार त्या बसमध्ये ठरला. आधीचे होकार घरातल्या गप्प बसण्याने माझ्याकडून वदवून घेतलेले होते.

पण तिच्या त्या आश्वासनात एक अवघड प्रश्न आहेच. मी नाही म्हटलं असतं, तर माझ्या भावाला डॉक्टरांनी अर्धंच सत्य सांगितलं असतं. तोही त्यांचाच रुग्ण. त्याने डॉक्टरवर विश्वास ठेवायचा आणि डॉक्टरने त्याच्यापासून कारण लपवायचं, हे बरोबर कसं? मी पुढे मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, “खोटा रिपोर्ट आम्ही कधीच करत नाही. पण ज्याची मनापासून तयारी नाही, तो दाता म्हणून अयोग्यच असतो. त्यामुळे ‘योग्य नाही’ हे खोटं नाही.” मला हे पटलं. भावाला वर्षभराने सगळं सांगितलं, तर त्याला अजिबात पटलं नाही. “मला खरं कारण सांगायला हवं होतं. तुझा नकार मी पचवला असता.” मी म्हटलं, तू पचवला असतास, आईने पचवला नसता. यावर आमचं एकमत अजून झालेलं नाही.

यामागचा मूळ प्रश्न प्रत्यारोपणाइतकाच जुना आहे. २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक या तरुणाची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. जगातलं ते पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण. रोनाल्डला काहीही आजार नव्हता. ज्याला काही झालेलं नाही त्याच्यावर सुरी चालवायची, ती दुसऱ्याच्या भल्यासाठी, हे वैद्यकाच्या तोवरच्या शिकवणीत कुठे बसत नव्हतं. मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी धर्मगुरूंचा, कायदेपंडितांचा सल्ला घेतला. रिचर्ड पुढे आठ वर्षं जगला. रोनाल्ड २०१० साली गेला. दात्याला होणारी ही इजा समर्थनीय ठरते ती एकाच गोष्टीने, त्याने ती स्वतःहून पत्करलेली असते. मग ते ‘स्वतःहून’ तपासायला एवढा वेळ लागला तर लागू दे.

प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या रुग्णालयातल्या समितीने घेतलेली मुलाखत कॅमेऱ्यासमोर झाली. नाव, नातं, धोके माहीत आहेत का, पैशाचा व्यवहार आहे का. भाऊ शेजारी बसला होता, आणि एका डॉक्टरांनी विचारलं, “तुम्ही का देताय?” मी सांगितलं, “त्याला पोटभर पाणी पिता यावं म्हणून. आणि मला ‘नाही’ म्हणता येत होतं, म्हणून.” दुसरं वाक्य भावाला तेव्हा कळलं नाही.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. टाक्यांपेक्षा खांदा दुखला. पोटात भरलेल्या वायूने खांद्यात कळा येतात, ते कुणी आधी सांगितलं तर माणूस घाबरत नाही, म्हणून सांगते. भावाला टेबलावरच लघवी सुरू झाली. चौथ्या दिवशी त्याचं क्रिएटिनिन १.६ होतं. आता मी वर्षातून एकदा रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासून घेते आणि डॉक्टरांना न विचारता दुखण्याची गोळी घेत नाही.

आमच्याच भागातल्या एका बाईंचा मध्यंतरी फोन आला. त्या दिराला किडनी देणार आहेत. दीर कायद्याच्या जवळच्या नात्यांत बसत नाही, म्हणजे त्यांना अशा दात्यांना परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे जावं लागणार. त्यांनी दुखण्याबद्दल विचारलं, मी खांद्याचं सांगितलं. मग मी विचारलं, “तुमच्याशी एकटीशी कुणी बोललं का?” म्हणाल्या, “नाही, सासरे सोबत असतात ना प्रत्येक वेळी.” मी त्यांना नियम सांगितला, आणि समाजसेविकेला फोन करून ‘मला एकटीला भेटायचंय’ एवढंच म्हणायला सांगितलं. त्या सोमवारी जाणार आहेत. सासऱ्यांना चहाला घेऊन जायला यांना पाठवतेय.