गाडीला होईल

सदऱ्यावर केळीचा चीक पडला की त्याचं पुढचं आयुष्य ठरलेलं असतं. आमच्या रावेर-यावलकडे कुणालाही विचारा. पडतो तेव्हा पाण्यासारखा, दिसतही नाही. दोन धुण्यांत तपकिरी होतो, मग काळा. लिंबू, सोडा, साबण सगळं करून आई हात टेकते आणि सदऱ्याची रवानगी करते, "राहू दे, गाडीला होईल."

गाडी आली तेव्हा मला वाटलं, पुसायला काय, कुठलंही फडकं चालतं. मे महिना, पारा पंचेचाळिसाला टेकलेला, बॉनेटवर पापड भाजावेत असं ऊन. त्यावर रस्त्याची धूळ. मी असाच एक सदरा घेतला आणि कोरडाच फिरवला. धुळीत वाळूचे कण असतात, ते रंगापेक्षा कडक, आणि रंगावरचा चकचकीत थर केसापेक्षाही पातळ, हे ज्ञान नंतरचं. शिवाय बाहीला एक बटण राहिलं होतं. बॉनेटवर इंद्रधनुष्यासारखी कमान उठली, ती अजून आहे.

तेव्हापासून फडक्यांचं खातं आईकडे गेलं. कॉलर, शिवणी, दुमडलेल्या कडा ती कापून टाकते. बटणं डब्यात जातात. मग एक धागा ओढून काडी लावते. राख झाली आणि कागद जळाल्यासारखा वास आला तर सुती. वितळून गोळी झाली तर टेरिकॉट, त्याची जागा टायरला. शेवटी तुकडा गालावर फिरवते. कापूस पिकवणाऱ्या घरातली बाई. तिला हे कुणी शिकवावं लागत नाही. बाबांच्या भोकं पडलेल्या बनियनला या परीक्षेत कायम पहिला नंबर.

बाकी सामानही घरातलंच. बाबांचा दाढीचा जुना ब्रश एसीच्या जाळीतली धूळ अशी काढतो, की तो त्यासाठीच जन्मला असावा. जोडीदार हरवलेला मोजा हातात घालायचा आणि चाकाच्या आऱ्यांत घुसायचं. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला तापल्या दाभणाने भोकं पाडली की झारी तयार. पण माझी लाडकी वस्तू म्हणजे तांदूळ धुवायची कड तुटलेली चाळणी. ती बादलीच्या तळाशी उपडी ठेवायची. बोळा तिच्यावर घासला की वाळू भोकांतून खाली बसते, पुन्हा वर येत नाही, म्हणजे गाडीवरही जात नाही. दुकानात याच कामाची जाळी विकत मिळते. आमच्या चाळणीला मात्र अजून भाताचा वास येतो.

सगळंच घरचं सरस, असं नाही. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग फडक्याने हलत नाहीत, त्याला पाणी घातलेलं व्हिनेगर लागतं; तेही सावलीत, गाडी थंड झाल्यावर, आणि लगेच धुऊन टाकायचं. आणि काचेला दाजींनी दिलेलं मायक्रोफायबरच बरं. हे आईसमोर बोलत नाही.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवा सदरा घ्यायला जळगावला गेलो. दुकानदार माप विचारत होता आणि माझ्या नकळत बाही गालाला लागली. आई शेजारीच उभी होती. तिनेही कापड चिमटीत धरलं, जरा चोळलं.

"घे," म्हणाली, "पाणी चांगलं शोषील."