पाठ केलेले वचन आणि सार्वकालिक आशा

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातले ते वचन शास्त्रपाठाच्या तासाला आपण सगळ्यांनीच पाठ केले आहे: पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिथे कसर आणि जंग लागते, चोर घर फोडतात, स्वर्गात साठवा. परीक्षेत ते बिनचूक लिहिणारे पुष्कळ होते. पण हातात पगार आल्यावर किंवा घरात दीर्घ आजार शिरल्यावर त्या वचनाचे नेमके करायचे काय, हा प्रश्न शाळा सुटल्यावरच उभा राहतो. शाळेने दिलेल्या सगळ्यात हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, म्हणून सुवर्णमहोत्सवी अंकात तिच्याचविषयी लिहितो आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातला धनवान शेतकरी जरा जवळून पाहा. त्याने कुणाला लुबाडल्याचे प्रभू कुठेही सांगत नाही. जमीन चांगली पिकली, धान्य ठेवायला जागा पुरेना, म्हणून जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे त्याने ठरवले. यात गैर काहीच नाही. त्याचे चुकले ते पुढच्या वाक्यात. ‘पुष्कळ वर्षांची बेगमी झाली, आता विसावा घे,’ असे तो आपल्या जिवाला सांगतो. धान्य पोटाला पुरते. त्याने त्यावर जिवाचा भरवसा ठेवला आणि वर्षांचा हिशेबही स्वतःच मांडला. त्याच्या साऱ्या बोलण्यात दुसरे माणूस नाही आणि देवही नाही. देव बोलतो तेव्हा एका रात्रीविषयी बोलतो. स्वर्गातली संपत्ती साठवायची कशी, हेही त्याच अध्यायात 33 व्या वचनात आहे: जे आहे ते विकून दानधर्म करा. म्हणजे साठवण्याची रीत देण्याची आहे.

इथे दोन बाजूंनी घसरायला होते. दिलेल्या दानाच्या बदल्यात स्वर्गातली जागा मिळते असे कुणाला वाटते. येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राचा आरंभ वाचला की हा गैरसमज टिकत नाही. आपली आशा येशू ख्रिस्ताच्या मेलेल्यांतून पुन्हा उठण्यामुळे आहे, आणि जे मिळणार ते अविनाशी, निर्मळ, अक्षय असे वतन आहे. वतन वारशाने मिळते, मजुरीने नाही. दुसरी बाजू म्हणजे जगाचा कंटाळा. थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत काही जण कामधंदा सोडून लोकांच्या उठाठेवी करत बसले होते. मंडळ्यांना पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने त्यांना स्पष्ट लिहिले की ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये. आळसाला भक्तीचे नाव देऊ नये, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितानाही पौल श्रीमंतांना पैसा फेकून द्या म्हणत नाही. अहंकार नको, चंचल धनावर आशा नको, हात सैल ठेवा, एवढेच सांगतो. आणि देव सर्व काही उपभोगासाठी विपुल देतो, हेही त्याच दमात सांगतो.

दुःखाच्या वेळी सर्वांत जास्त दुखावते ते घाईने ऐकवलेले वचन. पौल संकटाला ‘हलके’ आणि ‘क्षणिक’ म्हणतो ते करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या, म्हणजे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात. पण त्याच पत्राचा अकरावा अध्याय उघडा: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटले. हे सोसलेला माणूस अनंतकाळच्या गौरवाचा भार तोलून ‘हलके’ म्हणतो आहे. ज्याच्या घरात आज मृत्यू झाला आहे त्याला तो शब्द बाहेरून ऐकवू नये. मरण पावलेला आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला, आणि त्याला मेलेल्यांतून उठवायला जात असतानाच रडला. थेस्सलनीकाकरांना पौलाने शोक करू नका असे सांगितले नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, असे सांगितले. म्हणून आधी शेजारी बसावे, जेवणाखाण्याचे पाहावे. वचन नंतर वाचावे, तेही थोडे.

रोजच्या सवयीसाठी 90 वे स्तोत्र सकाळी मोठ्याने वाचावे. सतराच वचने आहेत. दहाव्यात आयुष्याची सत्तर-ऐंशी वर्षे येतात, बाराव्यात दिवस गणायला शिकव अशी विनंती. त्यानंतर दिवसाची कामे ठरवताना याकोबाने आपल्या पत्रात सांगितलेले ‘प्रभूची इच्छा असेल तर’ मनापासून जोडावे. नुसते तोंडाने म्हटले तर आठवड्याभरात ते भिंतीवरच्या पाटीसारखे नुसते शब्द होतात. एखादा बेत फिसकटला की आपण किती चिडतो, यावरून ते खरे की नुसते बोलायचे, हे समजते.

पैशाची सवय वेगळी लावावी लागते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल पुनरुत्थानाविषयी 57 वचने लिहितो, आणि 58 व्यात आकाशाकडे बघत राहा म्हणत नाही. प्रभूच्या कामात स्थिर राहा, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, असे म्हणतो. लगेच सोळाव्याच्या सुरुवातीला पवित्र जनांसाठी, म्हणजे विश्वासणाऱ्या बांधवांसाठी, वर्गणीचा विषय! रीतही तो देतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, आपल्या मिळकतीच्या मानाने, स्वतःजवळ बाजूला काढून ठेवावे. महिनाअखेरीस उरले तर देऊ म्हटले की उरत नाही, कारण खर्च हातातल्या पैशाएवढा वाढतो. तेव्हा मिळकत आल्याबरोबर आधी तो वाटा वेगळ्या पाकिटात ठेवावा, पाकिटावर नाव घालू नये, आणि घरखर्च उरलेल्यातून आखावा.