इलेक्शनवाला नव्हे, दुसरा व्हीपॅट

परवा जेवताना आईला म्हटलं या आठवड्यात व्हीपॅट भरायचंय, रोज उशीर होईल, तर ती म्हणे अगं पण तू तर प्रायव्हेटमध्ये, तुला कशी लागली इलेक्शन ड्यूटी? मतदानाच्या मशीनशेजारी चिठ्ठी दाखवतो तो व्हीव्हीपॅट, त्यात एक व्ही जास्त असतो. आमचा म्हणजे व्हॉलंटरी प्रॉडक्ट ॲक्सेसिबिलिटी टेम्प्लेट. अमेरिकेत सेक्शन 508 म्हणून कायद्यातलं कलम आहे, केंद्र सरकारची खाती जे सॉफ्टवेअर घेतील ते दिव्यांग लोकांना वापरता आलं पाहिजे असं ते सांगतं, मग खाती विकणाऱ्याला म्हणतात दाखवा बघू लिहून, आणि ते लिहून दाखवायचा हा ठरलेला फॉर्म, 2001 पासून चालत आलेला. आता युनिव्हर्सिट्याही मागतात. नावात व्हॉलंटरी आहे खरं, पण गणपतीची वर्गणी असते तेवढंच व्हॉलंटरी. आणि कोरा असतो तोपर्यंतच तो व्हीपॅट, भरला की त्याला एसीआर म्हणायचं, ॲक्सेसिबिलिटी कन्फॉर्मन्स रिपोर्ट. आमच्याकडे भरलेल्यालाही सगळे व्हीपॅटच म्हणतात, कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे तसं.

आत काय असतं तर मोठ्ठं टेबल. डावीकडे डब्ल्यूसीएजीचे, म्हणजे वेबसाइट दिव्यांगांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचे निकष, 2.2 व्हर्जन धरलं तर ए आणि डबल ए या दोन पातळ्या मिळून 55. मधे उत्तर: सपोर्ट्स, पार्शली सपोर्ट्स, डज नॉट सपोर्ट किंवा नॉट ॲप्लिकेबल. उजवीकडे रिमार्क्स. दिसायला एकदम सोप्पं, आणि तिथेच घोळ होतो.

मी कंपनीत नवीन होते तेव्हा मला गेल्या वर्षीची फाइल दिली आणि सांगितलं की व्हर्जन नंबर आणि तारीख बदल, बाकी सेम आहे. मी बदलली. वर खाली सगळीकडे सपोर्ट्स, रिमार्क्समध्ये प्रत्येक ओळीला तेच एक वाक्य की प्रॉडक्ट हा निकष पूर्ण करतं. टेस्टिंग कसं केलं त्या रकान्यात होतं, प्रॉडक्टच्या सर्वसाधारण माहितीवर आधारित. म्हणजे कोणी काही उघडून बघितलेलं नाही, हे इंग्रजीत छान लिहिलं की असं दिसतं.

गंमत म्हणजे नियमाने बघितलं तर ते खोटंही ठरत नाही पटकन! सपोर्ट्सच्या व्याख्येत म्हटलंय की ज्ञात दोष नसताना निकष पूर्ण व्हायला हवा. ज्ञात. आता बघितलंच नाही तर दोष ज्ञात होणार कुठून? जो कमी टेस्ट करतो त्याचा रिपोर्ट जास्त हिरवागार. हे मला कळायला दीड वर्ष लागलं.

कळलं कारण तिकडच्या एका युनिव्हर्सिटीच्या खरेदीवाल्यांचा मेल आला, की 4.1.2 ला सपोर्ट्स लिहिलंय, तर कुठल्या स्क्रीन रीडरवर (म्हणजे स्क्रीनवरचं वाचून बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) तपासलंत ते कळवा. 4.1.2 म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक बटनाला, फील्डला कोडमध्ये नाव हवं, ते काय आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे ते मशीनला कळायला हवं. टीममध्ये शांतता. मग आमच्या ओळखीचा एक टेस्टर, जो स्वतः दृष्टिहीन आहे, त्याला बोलावलं. त्याने लॅपटॉप उघडला, एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर सुरू केला (तो फुकट आहे, आपण कोणीही टाकू शकतो, टाकून डोळे मिटून आपलीच साइट वापरून बघा एकदा) आणि आमच्या सॉफ्टवेअरमधला रजेचा अर्ज भरायला घेतला.

नाव झालं, विभाग झाला, तारखेच्या चौकटीशी आला. टाइप करायला गेला तर होईना, कारण चौकट रीडओन्ली, तारीख कॅलेंडरमधूनच निवडायची. कॅलेंडर उघडलं. टॅब. "बटन." टॅब. "बटन." मागचा महिना आणि पुढचा महिना हे दोन बाण, आम्हाला दिसतायत, त्याला नुसतं बटन बटन ऐकू येतंय. त्याने त्यातलं एक दाबलं. काहीच आवाज नाही. "बदलला का महिना?" बदलला होता, पण त्याला सांगणार कोण. मग एकेक तारीख टॅबने, 1, 2, 3, असं 19 पर्यंत गेला, चुकून एस्केप दाबलं आणि फोकस थेट पानाच्या डोक्यावर, लोगोवर. तो हसला आणि म्हणाला, चला, रजा कॅन्सल. आम्ही कोणी हसलो नाही. असे दोष शोधणारं ऑटोमॅटिक टूल आम्ही आदल्या दिवशीच चालवलं होतं, पण त्याला हे कॅलेंडर दिसलंच नव्हतं कारण स्कॅनच्या वेळी ते बंद होतं.

तेव्हापासून मी मधल्या कॉलमवर विश्वास ठेवत नाही, स्वतःच्याही नाही. कोणी दुसऱ्या कंपनीचा रिपोर्ट दाखवला की आधी रिमार्क्स वाचते. तिथे जर लिहिलं असेल की कॅलेंडरमधल्या महिना बदलायच्या बटनांना नाव नाही, बदललेला महिना स्क्रीन रीडर बोलत नाही, तोवर तारीख अमुक पद्धतीने टाका, तर मी समजते की इथे खरंच कोणीतरी बसून बघितलंय. 55 च्या 55 सपोर्ट्स आणि रिमार्क्स कोरे, तर मग राम राम.

सेल्सवाल्यांशी यावरून दरवेळी वाजतं. "अगं पार्शली लिहिलंस तर डील जाईल." अरे पण व्याख्याच तशी आहे ना, काही फंक्शन निकषात बसत नसतील तर पार्शली, बहुतेक बसत नसतील तर डज नॉट सपोर्ट. एक कॅलेंडर मोडलं तरी पार्शलीच. डिझायनरचं वेगळंच, त्याला तो नऊ-नऊ-नऊ कलर कोडवाला फिका ग्रे फार आवडतो, पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट 2.85 भरतो आणि साध्या अक्षरांना लागतो 4.5. थोडा गडद कर म्हटलं की म्हणतो क्लीन लूक जातो.

आपल्याकडेही हे येतंय हां. आयएस 17802 हे आपलं स्टँडर्ड आहे, युरोपच्या ईएन 301 549 वर बेतलेलं, आणि एप्रिल 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याच्या केसमध्ये डिजिटल ॲक्सेस हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना डोळे मिचकावून दाखवा म्हणणारं ॲप, विचार करा. आणि मराठी साइट्सचं तर काय सांगू, पान अख्खं मराठीत आणि कोडमध्ये भाषा लिहिलेली इंग्रजी, म्हणजे पानाची भाषा कोडमध्ये बरोबर सांगा म्हणणारा 3.1.1 तिथेच आडवा.

त्या युनिव्हर्सिटीला शेवटी पार्शली लिहूनच रिपोर्ट पाठवला, रिमार्क्स चांगले सात ओळींचे. त्यांनी एवढंच विचारलं, दुरुस्त कधी होणार. डेव्हलपर म्हणाले जून, मी जून लिहिलं. आता नवीन व्हर्जनचा भरायला घेतलाय, सकाळी पहिलं कॅलेंडर उघडलं. टॅब. "बटन." टॅब. "बटन."