९४ टक्के भरलेला गुडघा

एसीएल, म्हणजे गुडघा सांभाळणारा आतला दोर, फाटून शस्त्रक्रिया झालेला खेळाडू कधी खचतो, याचा अंदाज आमच्या फिजिओथेरपीच्या कामात बहुधा बरोबर येतो. पहिले पंधरा दिवस नाही. तेव्हा सूज, बर्फ, कुबड्या यांतच दिवस जातो आणि भेटायला माणसं येत असतात. तो खचतो तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात. जिना उतरता येतो, दुखत नाही, बरोबरची पोरं संध्याकाळी सरावाला जातात आणि हा मशीनवर बसून एक पाय वर-खाली करतो. हा मुलगा मात्र ते महिने न कुरकुरता पार करून गेला, नवव्या महिन्यात सगळ्या चाचण्या पास झाला, आणि निकाल सांगितल्यावर टेबलावर बसल्या बसल्याच म्हणाला, "मॅडम, मला आता नाही खेळायचं."

इंदापूरकडचा मुलगा, पुण्यात शिकायला आलेला, कॉट बेसिसवर राहणारा. कबड्डीत रेडर. कोपऱ्यातल्या गड्याला पायानं स्पर्श करून मध्यरेषेकडे वळताना डावा पाय रोवला गेला, गुडघा आत कलला आणि तो खाली बसला. कुणाचा हातसुद्धा लागला नव्हता. मातीवर अशा वेळी पाय थोडा सरकतो; मॅटवर बुटाचा तळ धरून ठेवतो आणि वळण्याचा सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. मॅट आल्या, पण त्यावर थांबायचं आणि वळायचं कसं, हे किती प्रशिक्षक वेगळं शिकवतात? मी तरी फार थोडे पाहिले.

सुरुवातीचं काम थोडक्यात सांगते. पहिल्या दोन आठवड्यांत एकच ध्यास: गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. टाचेखाली उशी, गुडघ्याखाली काही नाही, दहा-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. घरचे प्रेमानं गुडघ्याखाली उशी सरकवतात आणि तिथंच नुकसान होतं. पाच अंशांचा बाक राहिला तरी लंगडणं जात नाही. आत सूज असेपर्यंत मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, नीट आवळलाच जात नाही. मेंदू त्याला जागंच करत नाही. म्हणून आधी सूज, मग ताकद. आणि दीड ते तीन महिन्यांच्या काळात बसवलेला नवा दोर सगळ्यात कच्चा असतो, नेमकं तेव्हाच खेळाडूला सगळ्यात बरं वाटायला लागलेलं असतं.

ताकद मोजण्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण इथं सर्रास ढिलाई चालते. खेळाडूला टेबलाच्या कडेला बसवायचं, गुडघा ९० अंशांत, डायनॅमोमीटर, म्हणजे जोर मोजणारं यंत्र, नडगीवर घोट्याच्या थोडा वर, आणि तो पट्ट्यानं टेबलाच्या पायाला आवळून बांधायचा. पट्टा न बांधता नुसत्या हातानं धरला, तर येणारा आकडा खेळाडूच्या मांडीचा नसतो, धरणाऱ्याच्या दंडाचा असतो. खेळाडूचे हात छातीवर, नाहीतर तो टेबलाची कड धरून अंग मागं टाकतो. पाच-पाच सेकंदांचे तीन प्रयत्न, मध्ये विश्रांती, त्यातला सर्वांत मोठा आकडा धरायचा. तो गुडघ्यापासूनच्या अंतरानं गुणायचा आणि वजनानं भागायचा. किलोमागे ३ न्यूटन-मीटरच्या जवळ आला की मला झोप लागते. दोन पायांची नुसती तुलना फसवी असते. नऊ महिन्यांत चांगला पायही रोडावतो आणि अशक्त पायाच्या ९० टक्के म्हणजे काहीच नाही. याच्या चांगल्या पायाचा आकडा आम्ही शस्त्रक्रियेआधीच घेऊन ठेवला होता. त्याच्याशी ताडून ९४ टक्के आले. म्हणजे खरे ९४.

उड्यांचंही तसंच. एका पायावरच्या लांब उडीत अंतर जमतं, पण उतरताना खेळाडू नकळत गुडघ्याचं काम कमरेवर आणि घोट्यावर ढकलतो. टेप ते दाखवत नाही, मोबाइलवरचा स्लो मोशन दाखवतो. याचं उतरणंही स्वच्छ होतं.

मधल्या महिन्यांत तो टिकला तो आकड्यांवर. चाचणी रोज घ्यायची नाही, हा आमचा नियम. कमी झोपेनं, कालच्या व्यायामानं आकडा सहज पाच-सात टक्के खाली येतो आणि पोरगं त्या दिवशी हिरमुसतं. तीन-चार आठवड्यांनी एकदा, त्याच वेळी, तीच पट्ट्याची गाठ. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ नं हरवून प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा हा पाचव्या महिन्यात होता. दुसऱ्या दिवशी सांगितल्यापेक्षा दोन सेट जास्त करून गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात उरलेलं काम आधीचंच: लेग एक्स्टेन्शन, एका पायाचं स्क्वॉट, एका पायावर उतरणं. जिंकण्याचे व्हिडिओ आणि रील्स दाखवून खेळाडू उभा करता येतो असं मानणाऱ्यांनी एकदा तरी पाचव्या महिन्यातला मंगळवार बघावा.

मग नवव्या महिन्यात काय झालं? सहाव्या महिन्यापासून आम्ही मनाच्या तयारीची बारा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतो, गुण ० ते १००. पुन्हा दुखापत होईल अशी भीती वाटते का, गुडघ्याचा विचार न करता खेळता येईल का, असे प्रश्न. सहसा महिन्यागणिक गुण चढतात. याचे ६३ वरून ३७ वर आले होते, पाय चढत असताना.

"दुखतंय का?"

"नाही."

"भीती वाटते?"

"वाटते. पण ते कारण नाही. कशासाठी खेळू, ते सांगा."

कुमार गटाला वयाची मर्यादा वीस वर्षं आणि वजनाची सत्तर किलो. त्या वर्षीची निवड चाचणी सातव्या महिन्यात होऊन गेली आणि त्यानंतर त्याचं वयच उलटलं. हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दवाखान्यातून सोडतानाच्या कागदावर "सहा महिन्यांनी खेळता येईल" असं छापलेलं, आणि प्रशिक्षक येऊन विचारायचे, "कधी उतरवू?" नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचे गुडघे पुन्हा फाटण्याचं प्रमाण किती चढतं, यावर अभ्यास झालेत, नवव्या महिन्यापर्यंत परतणं एकेक महिना लांबवलं की धोका जवळपास निम्म्यानं उतरतो. आपल्याकडे तो आकडा मैदानापर्यंत पोचत नाही. घरून वडिलांचा प्रश्न वेगळा: सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे म्हणून शेतावरची मदत सोडून याला पुण्याला ठेवला, आता प्रमाणपत्र कुठून येणार? पाय बरा करायचा म्हणून त्यानं शिस्तीनं केला. बरा झाला, आणि पुढं काहीच नव्हतं.

त्याला भाषण द्यायचं नाही, एवढं ठरवलं आणि वजनाकाट्यावर उभं केलं. साडेएकोणसत्तर. नऊ महिने हा पोरगा सत्तरच्या खाली राहायचं म्हणून रात्री एकच पोळी खात होता. खुल्या गटाची मर्यादा ८५ किलो. समोर कोपऱ्यात ऐंशी किलोचे गडी आणि साखळीत दोन-दोन गडी असणार, तेव्हा हे वजन पुरायचं नाही. उलट आता जेवायला मोकळीक आहे. त्याचा चेहरा तिथं पहिल्यांदा हलला. दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असा हिशोब मांडला: चार अंडी म्हणजे चोवीस, पन्नास ग्रॅम सुके सोयाबीन चंक म्हणजे पंचवीसेक, वर मेसची डाळ, दही, दूध, शेंगदाणे, गावाकडून येणारे हरभरे. डब्यांची महागडी पावडर नको म्हटलं. महिन्याला एक किलो, त्यापेक्षा घाईनं नाही, कारण पोटावर चढलेला किलो गुडघ्यावरच बसतो.

भीतीची पायरी वेगळी चढवली. मोकळ्या मॅटवर नुसता पाय टाकून वळायचं. मग तिथं एक गडी, हात पाठीमागं बांधून. मग त्यानं आधी सांगून घोटा धरायचा. मग न सांगता, पण अर्ध्या जोरानं. मग पूर्ण जोरानं, आणि शेवटी साखळीसह. पायरी ओलांडायची अट एकच: त्याच कोपऱ्यात, त्याच पायावर, सलग दहा वळणं, गुडघ्याकडे न बघता. तिसऱ्या पायरीला तो बराच काळ अडकला. तिथं कामी आला तो त्याच्याच संघातला डावा कोपरा सांभाळणारा गडी, जो रोज सरावानंतर वीस मिनिटं थांबून घोटा धरत राहिला. अशा मुलांची नावं कुठल्याच संघयादीत वेगळी छापत नाहीत.

आता त्याचं वजन ७३ आहे, निमंत्रितांच्या स्पर्धांत खुल्या गटातून उतरतो, बोनस घेतो. जिथं गुडघा फाटला त्या कोपऱ्याकडे मात्र सामन्याच्या उत्तरार्धातच जातो, आधी नाही. जगभरच्या आकड्यांत या शस्त्रक्रियेनंतर स्पर्धात्मक खेळात परतणारे निम्म्याहून थोडेच जास्त. त्यात हा धरायचा की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याला परत आणलं कशानं, जेवणानं, पायऱ्यांनी की त्या कोपऱ्यातल्या गड्याच्या वीस मिनिटांनी, हेही नाही.

बाराव्या महिन्याची प्रश्नावली पुढच्या आठवड्यात आहे. या वेळी ती टेबलावर नाही, त्याच्या सरावाच्या ठिकाणी, रेड संपवून धापा टाकत खाली उतरेल तेव्हा भरून घेणार आहे. दोन्हीकडची उत्तरं वेगळी येतात का ते बघायचंय.